रात्री लावलेली गाडी सकाळी अर्धवटच चार्ज झालेली आढळते तेव्हा

रात्री साडेदहाला पार्किंगमध्ये गाडी चार्जिंगला लावली, चार्जिंग सुरू झाल्याची खात्री करून वर गेलो, आणि सकाळी चावी घेऊन खाली उतरलो तर डॅशबोर्डवर आकडा होता ४१ टक्के. आदल्या रात्री तो ३० होता. आम्ही नाशिकच्या इंदिरानगरात राहतो आणि माझे काम सिन्नरजवळच्या औद्योगिक वसाहतीत आहे. रोजची ये-जा ६०-७० किलोमीटर होते. त्यामुळे एखाद्या रात्री असे झाले तर निभावते, पण लागोपाठ दोन रात्री झाले की दुसऱ्या दिवशी बसचे वेळापत्रक शोधावे लागते. माझ्याकडे हा त्रास मुख्यतः दोन वेगवेगळ्या कारणांनी, दोन वेगवेगळ्या ऋतूंत उद्भवला, आणि दोन्ही वेळा गाडी पूर्णपणे निर्दोष होती. त्या शोधात जे हाती लागले ते येथे क्रमाने मांडत आहे. गाडीसोबत मिळणारी, साध्या १६ अँपिअरच्या पॉवर प्लगला लावायची चार्जिंग केबल जे वापरतात, त्यांच्यासाठी हे प्रामुख्याने लिहिले आहे.

आधी हिशेब. माझ्या गाडीची बॅटरी ३० युनिटची आहे. ३० टक्क्यांवरून पूर्ण भरायला २१ युनिट लागतात आणि चार्जरमध्ये उष्णतेपोटी जाणारी वीज धरली तर मीटरवर साधारण २४ युनिट पडतात. ही केबल ३.३ किलोवॅटने, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १४ अँपिअरने वीज घेते. त्यामुळे सात-साडेसात तास लागणे स्वाभाविक आहे. मग ११ टक्के म्हणजे किती वेळ? जेमतेम सत्तर मिनिटे. म्हणजे गाडी पावणेबाराच्या सुमारास थांबली होती आणि पुढचे सहा तास नुसती तारेला बांधून उभी होती. स्वतःच्या गाडीसाठी हा हिशेब प्रत्येकाने करून पाहावा, कारण नेमकी किती वेळाने आणि घड्याळात किती वाजता गाडी थांबते, या दोन आकड्यांतच दोषाचा निम्मा शोध दडलेला असतो.

मी मुलीची जुनी वही घेतली आणि पंधरा दिवस नोंदी ठेवल्या: कधी लावली, कधी थांबली, केबलवरच्या, चार्जिंग नियंत्रित करणाऱ्या डबीवर कोणता दिवा लागला होता. दर वेळी साधारण तेवढ्याच मिनिटांनी थांबत असेल, मग ती रात्री दहाला लावा किंवा पहाटे चारला, तर कुठेतरी काहीतरी तापते आहे. कितीही वाजता लावली तरी संध्याकाळच्या ठरावीक तासांतच थांबत असेल तर व्होल्टेजवर संशय घ्यावा. सकाळी साडेपाच-सहाला, म्हणजे घरात गिझर सुरू होण्याच्या वेळी थांबत असेल तर घरातल्या दुसऱ्या उपकरणाचा संबंध तपासावा. आणि लावल्या लावल्या, पहिल्या मिनिटातच लाल दिवा लागत असेल तर अर्थिंगकडे वळावे. ही विभागणी अगदी काटेकोर नाही, तरी वायरमनला बोलावण्यापूर्वी एवढे हाती असले की तो अंधारात चाचपडत नाही आणि आपलेही पैसे वाचतात.

नोंदींबरोबर आणखी एक गोष्ट करावी: तीच गाडी आणि तीच केबल दुसऱ्या, खात्रीच्या ठिकाणी एक रात्र लावून पाहावी. माझ्या मेहुण्याचा गंगापूर रोडला बंगला आहे आणि तिथली वायरिंग नवी आहे. तिथे गाडी सकाळपर्यंत एकदाही न थांबता शंभर टक्के भरली. त्या एका रात्रीने सर्व्हिस सेंटरच्या किमान दोन फेऱ्या वाचवल्या.

पहिला दोष: तापलेला सॉकेट

आमच्याकडे पहिल्या खेपेस सत्तर मिनिटांचे कोडे होते. अनेक केबलींच्या प्लगमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो आणि प्लग ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की डबी स्वतःच वीज तोडते. मी एका रात्री मुद्दाम तासाभराने खाली गेलो आणि प्लगच्या पाठीला हात लावला; हात ठेवता येत नव्हता. प्लग काढून टॉर्चच्या उजेडात पाहिले तर तीनपैकी एका पिनेवर तपकिरी डाग होता आणि सॉकेटच्या त्याच छिद्राभोवतीचे पांढरे प्लास्टिक पिवळे पडून किंचित फुगले होते. माशाच्या उग्र वासासारखा जो वास मी कित्येक दिवस शेजारच्या कचऱ्याच्या डब्याचा समजत होतो, तो त्या प्लास्टिकचा होता.

हे का होते ते आकड्यात पाहिले की सॉकेटकडे बघण्याची दृष्टीच बदलते. सॉकेटच्या आतली पितळी पट्टी सैल होऊन संपर्कात अवघा ०.१ ओहम रोध निर्माण झाला, तर १४ अँपिअरला तिथे १४ गुणिले १४ गुणिले ०.१, म्हणजे जवळपास २० वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली सोल्डरिंगची इस्त्री साधारण तेवढ्याच वॅटची असते. ती अंगठ्याएवढ्या बंद जागेत सलग सात तास चालू ठेवल्यासारखे हे होय. गिझरलाही एवढीच वीज लागते, पण गिझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो, त्यामुळे जो सॉकेट दहा वर्षे गिझरला पुरतो तो गाडीला सहा महिन्यांत दगा देतो.

उपाय सोपा असला तरी तो अर्धवट करू नये. साधा भिंतीतला सॉकेट बदलून तसाच दुसरा लावला तर तोही कालांतराने त्याच वाटेने जाईल, म्हणून चांगल्या प्रतीचा, जाड पट्ट्यांचा सॉकेट घ्यावा आणि मागच्या स्क्रूमध्ये तार नुसती गुंडाळून न बसवता तिच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबून घट्ट आवळावी. प्लगची जळकी पिन पॉलिश पेपरने घासून पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. डाग पडलेली पिन नव्या सॉकेटलाही खराब करते. मधे एक्स्टेंशन बोर्ड किंवा मल्टिप्लग कधीही नसावा, याविषयी खरे तर लिहायची गरज पडू नये, परंतु आमच्याच इमारतीत स्कूटर चार्ज करण्यासाठी तिसऱ्या मजल्यावरून सोडलेली इस्त्रीची वायर मी पाहिली आहे. दुरुस्ती होईपर्यंत गाडीच्या सेटिंगमध्ये करंट कमी करण्याची सोय असेल तर तो १० अँपिअरवर आणावा. करंट ३० टक्क्यांनी घटला की संपर्काची उष्णता निम्म्यावर येते. अर्थात डाग पडलेला सॉकेट तोवरही वापरू नये. ही सवलत फक्त कोमट होणाऱ्या सॉकेटसाठी आहे.

सॉकेट थंड असूनही तास-दीड तासाने एमसीबी (जादा करंट आला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) पडत असेल तर ती बसवलेली जागा पाहावी. एमसीबीची उष्णतेवर चालणारी यंत्रणा ३० अंश तापमान गृहीत धरून जुळवलेली असते. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा ४० च्या आसपास जातो, आणि पश्चिमेच्या भिंतीवरची पत्र्याची पेटी रात्री दहापर्यंत आतून तापलेलीच असते, अशा वेळी १६ अँपिअरची एमसीबी १४ अँपिअरलाही दमते. इथे लोक सरळ मोठ्या अँपिअरची एमसीबी बसवतात. तार तेवढ्या जाडीची नसेल तर हा उपाय नसून आगीला दिलेले निमंत्रण आहे, कारण एमसीबी मुळात तारेच्या रक्षणासाठी असते. आधी पेटी सावलीत हलवावी आणि स्क्रू आवळून घ्यावेत. त्यानंतरच तार आणि एमसीबी दोन्ही एकत्र बदलण्याचा विचार करावा.

व्होल्टेजचा प्रश्न

माझ्या वहीत काही नोंदी वेगळ्या होत्या: संध्याकाळी साडेसातला लावलेली गाडी आठच्या सुमारास थांबलेली, आणि रात्री साडेबाराला लावलेली मात्र सुरळीत चाललेली. घरगुती जोडणीला २३० व्होल्ट सहा टक्के कमी-जास्त, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट मिळणे अपेक्षित असते. संध्याकाळी सगळ्या घरांतले एसी आणि इमारतींच्या पाण्याच्या मोटारी एकदम चालू होतात तेव्हा आमच्या मीटरजवळ २०६ दिसत होते, आणि गाडी चालू असताना पार्किंगमधल्या सॉकेटवर १९८. हे मधले ८ व्होल्ट आमच्याच तारेत हरवत होते. मीटर रूमपासून माझ्या जागेपर्यंत ३५ मीटर अंतर आहे आणि तिथे २.५ चौरस मिलिमीटरची तार होती; जाता-येता ७० मीटर तांब्याचा रोध अर्ध्या ओहमहून थोडा अधिक होतो, आणि १४ अँपिअरला त्यात सात-साडेसात व्होल्ट खर्ची पडतात. तीच तार ६ चौरस मिलिमीटरची केली की ही घट तीन व्होल्टवर येते.

म्हणून व्होल्टेज मोजायचे ते दोन ठिकाणी आणि गाडी चार्ज होत असताना. रिकाम्या लाइनवरचा आकडा फसवा असतो. मीटरजवळच व्होल्टेज पडलेले असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि आठवड्याभराच्या वेळांसह नोंदी सोबत द्याव्यात. मीटरजवळ ठीक आणि सॉकेटवर कमी असेल तर दोष आपल्या तारेचा किंवा जोडाचा आहे. स्टॅबिलायझर लावण्याचा सल्ला मला दोघांनी दिला. मी तो मानला नाही. स्टॅबिलायझर व्होल्टेज उचलून देण्यासाठी मागून जास्त करंट ओढतो आणि आधीच दमलेल्या तारेवर आणखी ओझे टाकतो. गाडीच्या टायमरमध्ये चार्जिंग रात्री साडेबारानंतर सुरू होईल असे लावणे फुकटचे आहे, आणि नवी तार पडेपर्यंत मी तेच केले.

दुसरा दोष: सुकलेला अर्थिंगचा खड्डा

सॉकेट बदलला, तार बदलली, आठ महिने सगळे सुरळीत चालले, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नवाच प्रकार सुरू झाला. केबल लावली की डबीवर लाल दिवा, चार्जिंग मुळात सुरूच नाही. काढून पुन्हा लावली की कधी चालायची, कधी नाही. माहितीपुस्तिकेनुसार तो दिवा अर्थिंगचा होता.

चार्जिंगची डबी वीज सोडण्यापूर्वी अर्थची तार खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते का हे तपासते, कारण गाडी रबरी टायरवर उभी असते आणि आत गळती झाली तर तिच्या पत्र्यावर आलेली वीज जमिनीत जायला ही एकच वाट असते. ती वाट खराब असेल तर डबी चार्जिंग नाकारते, आणि हा तिचा हट्ट योग्यच आहे.

वायरमन आला. त्याने सॉकेट उघडला, दोन मिनिटे काही केले, बंद केला आणि केबल लावली. हिरवा दिवा. ‘साहेब, लागला ना हिरवा? आता रात्रभर चालेल,’ असे म्हणून तो दोनशे रुपये घेऊन गेला. गाडी रात्रभर चाललीही. पण ‘अर्थिंग इतक्या लवकर कसे दुरुस्त झाले?’ हा प्रश्न काही सुटेना, म्हणून रविवारी लाइन बंद करून मी सॉकेट उघडून घेतला. न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर तांब्याची तार जोडलेली होती. खड्ड्याकडून आलेली मूळ हिरवी तार टेप लावून बाजूला सारली होती.

न्यूट्रल आणि अर्थ असे जोडण्याचा हा ‘लूप’ नाशिकमध्येच काय, सगळीकडे मारला जातो, आणि या लेखातले दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी एवढे राहावे. असा लूप असताना मीटरपासून सॉकेटपर्यंत न्यूट्रल कुठेही तुटला किंवा सैल झाला, तर फेजची वीज गाडीतल्या चार्जरमधून उलट फिरून त्या बोटभर तारेतून थेट गाडीच्या पत्र्यावर येते. करंटला परतीची वाट नसल्यामुळे एमसीबी पडत नाही. दिवा कदाचित विझतो, चार्जिंग थांबते, आणि ‘का थांबली?’ म्हणून पाहायला आलेला माणूस ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून दाराच्या हँडलला हात लावतो. आमच्या लाइनवर त्या वेळी आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच, तोही नव्हता.

लूप मारलेला आहे का, हे सॉकेट न उघडता ओळखण्याची एक खूण आहे. त्याच लाइनवर गाडी चार्ज होत असताना जवळच्या दुसऱ्या सॉकेटच्या छिद्रांत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधले व्होल्टेज मोजले तर लांब तारेमुळे तिथे एक-दोन ते तीन व्होल्ट दिसणे स्वाभाविक असते. भार चालू असतानाही काटा अगदी शून्यावर असेल तर आनंद मानू नये, सॉकेट उघडून घ्यावा. उलट दहा-पंधरा व्होल्ट दिसले तर न्यूट्रलचा किंवा अर्थचा जोड खराब आहे. आणखी एक सावधगिरी: मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांच्यात २३० व्होल्ट दाखवले म्हणजे अर्थिंग चांगले आहे, असे मुळीच नाही. मल्टिमीटर इतका नगण्य करंट घेतो की गंजलेल्या, जेमतेम टेकलेल्या तारेवरही तो बरोबर आकडा दाखवतो. अर्थिंग तपासायचे ते अर्थ टेस्टरने, आणि ते उपकरण असलेल्या परवानाधारक कंत्राटदाराकडूनच.

आम्ही तसा माणूस बोलावला. खड्ड्याचा रोध निघाला ३८ ओहम. पाच ओहमच्या आत असावा असे ही मंडळी धरून चालतात. पण मग आधीचे आठ महिने कसे चालले? याचे उत्तर वॉचमनकाकांनी दिले. खड्डा पार्किंगच्या कोपऱ्यात आहे आणि रोज सकाळी गाड्या धुतल्याचे पाणी उताराने नेमके तिथे जायचे. मार्चअखेरीस पाणी जपून वापरायचे म्हणून सोसायटीने गाड्या धुण्यावर बंदी घातली. ‘तेव्हापासून तो कोपरा पार कोरडा झालाय,’ काका म्हणाले. आमच्या इमारतीच्या पायाच्या खोदाईत हातभर काळ्या मातीखाली लगेच मुरूम लागला होता, हे मला आठवत होते. माती वीज वाहते ती तिच्यातल्या ओलाव्यामुळे. मुरमात पाणी टिकत नाही. गाड्या धुण्याच्या पाण्याचा आणि चार्जिंगचा असा संबंध असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

चेंबरचे लोखंडी झाकण उचलले तेव्हा आत पाणी घालण्यासाठी बसवलेले नरसाळे सापडले, मातीने गच्च भरलेले. ते मोकळे करून चार बादल्या पाणी ओतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले तर ३८ चे ११ झाले. उरलेला दोष खड्ड्यातल्या अर्थच्या पट्टीच्या नटबोल्टात होता. तो गंजून पट्टीपासून सुटत आला होता. अखेरीस आम्ही ओलावा धरून ठेवणारे मिश्रण भरलेला नवा इलेक्ट्रोड (जमिनीत पुरायची अर्थिंगची नळी) बसवला आणि रोध ३ ओहमवर आला. तुमच्या सोसायटीला एवढा खर्च लगेच करायचा नसेल तर निदान फेब्रुवारीपासून पावसापर्यंत आठवड्याला दोन बादल्या, आरओचे वाया जाणारे पाणीही चालते, त्या नरसाळ्यात पडतील अशी व्यवस्था करावी.

उरलेल्या काही गोष्टी

आरसीसीबी पडत असेल तर तो काढून टाकू नये. तो ३० मिलिअँपिअरचा आणि ‘ए’ प्रकारचा असावा. साध्या ‘एसी’ प्रकाराला गाडीच्या चार्जरमधून येणारी वेगळ्या स्वरूपाची गळती नीट ओळखता येत नाही. गाडी, गिझर आणि वॉशिंग मशीन एकाच आरसीसीबीवर असतील तर प्रत्येकाची थोडीथोडी गळती बेरजेला येऊन तो पहाटे पडतो. गाडीला स्वतंत्र द्यावा. पावसाळ्यात पहिल्या सरीनंतरच पडू लागला तर सॉकेटच्या पेटीत पाणी शिरते आहे का आणि तार वरून खाली न येता खालून वर घेतली आहे का, हे पाहावे.

गाडीकडे वळायचे ते शेवटी. तिची १२ व्होल्टची छोटी बॅटरी कमजोर झाली असेल तर मोठ्या बॅटरीचे संपर्क जुळत नाहीत आणि चार्जिंग सुरूच होत नाही. तीन-चार वर्षांच्या गाडीत हे आधी तपासून घ्यावे. ९९ टक्क्यांवर अर्धा-पाऊण तास अडकून राहणे हा दोष नाही, त्या वेळी सेल एकमेकांच्या पातळीला आणले जात असतात. ऐंशी टक्क्यांची मर्यादा घरातल्या कोणीतरी लावून ठेवलेली नाही ना, हेही एकदा पाहावे. आमच्याकडे ती एकदा निघाली. वीज जाऊन आल्यावर काही डब्या आपोआप सुरू होत नाहीत, त्यांना प्लग काढून पुन्हा लावावा लागतो. वळिवाच्या दिवसांत हे आठवड्यातून दोनदा होऊ शकते.

हे सगळे एकदाच नीट करायचे असेल तर स्वतंत्र जोडणी घेणे उत्तम. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत २०२४ साली दुरुस्ती झाली असून ग्राहकाला वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. तोवर घरच्याच मीटरवरून लाइन घेत असाल तर मंजूर भारात ३.३ किलोवॅटची भर घालून घ्यावी. कंत्राटदाराशी बोलताना कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: तार ६ चौरस मिलिमीटर तांब्याची, अर्थची तार सॉकेटपासून खड्ड्यापर्यंत अखंड, ‘ए’ प्रकारचा स्वतंत्र आरसीसीबी, आणि काम झाल्यावर अर्थ टेस्टरचा आकडा तारखेसह. शेवटच्या गोष्टीला आमचा कंत्राटदार थोडा कुरकुरला. आकडा मिळाल्यावरच मी उरलेले पैसे दिले आणि तो मीटर रूमच्या दाराच्या आतल्या बाजूस ऑइल पेंटने लिहून घेतला.